इंजिन बांधल्यानंतर ऑइलमध्ये पाणी : कारण कसे शोधावे, दुरुस्ती कशी करावी

खान्देशात रब्बीची मळणी आटोपली आणि उन्हाळी नांगरट तोंडावर आली की गॅरेजसमोर ट्रॅक्टर उभे दिसू लागतात. धूर जास्त सोडतो, ऑइल खातो, नांगराला ओढ देत नाही अशा तक्रारी असतात. मग इंजिन उघडले जाते. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, हेडचे काम, असे सगळे करून इंजिन बांधले जाते. ट्रॅक्टरवर एका वेळी होणाऱ्या खर्चांत हा मोठा खर्च असतो आणि बहुतेक वेळा तो उसनवारीने किंवा केळीचे, कापसाचे पैसे मोडून केलेला असतो. एवढे करून ट्रॅक्टर शेतात नेल्यावर चार-आठ दिवसांत, कधी पहिल्याच सकाळी, ऑइलची पट्टी काढून पाहावी तर ऑइल ताकासारखे पांढरट झालेले आणि पातळीही वर चढलेली. रेडिएटरमध्ये मात्र पाणी कमी.

अशा वेळी शेतकरी बंधूंनी सर्वांत आधी एक गोष्ट करावी. ट्रॅक्टर जिथे असेल तिथे बंद करावा. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ, एवढ्याने काय होते, हा विचार महाग पडतो. ऑइलचे काम क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये पातळ थर धरून ठेवण्याचे असते. पाणी मिसळले की हा थर तुटतो व नव्या बेअरिंगा थोड्याच वेळात खरवडल्या जातात. पुढे क्रँकला ओरखडे पडतात आणि मग दुरुस्ती गॅसकेटपुरती राहत नाही. ट्रॅक्टर ओढून न्यावा किंवा मिस्त्रीला शेतावर बोलवावे.

हा लेख पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनांसाठी आहे. आयशरच्या जुन्या ट्रॅक्टरांत हवेने थंड होणारी इंजिने होती, त्यांना हा प्रश्न येतच नाही. विहिरीवरील पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल पंपांच्या इंजिनांना मात्र खाली दिलेल्या बऱ्याच गोष्टी लागू पडतात.

पाणीच आहे हे आधी नक्की करावे

पांढरे ऑइल दिसले म्हणजे इंजिन पुन्हा उघडायचेच असे नाही. इंजिन बांधताना ब्लॉक पाण्याने किंवा पाणी-डिझेलच्या फवाऱ्याने धुतला जातो. ऑइलच्या बारीक वाहिन्यांत अडकलेले पाणी हवेने उडवून काढले नाही तर ते पहिल्या ऑइलमध्ये उतरते आणि थोडा पांढरटपणा येतो. तसेच डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ट्रॅक्टर रोज पाच-दहा मिनिटेच चालवला तर ऑइल भरण्याच्या टोपणाखाली पिवळसर-पांढरा फेस जमतो. तो हवेतील बाष्पाचा असतो. पट्टीवरचे ऑइल मात्र स्वच्छ राहते. या दोन्ही बाबतींत रेडिएटरचे पाणी कमी होत नाही, ही खूण लक्षात ठेवावी.

पातळी वाढली पण ऑइल पांढरे न होता पातळ व काळे झाले, हातावर चोळल्यास डिझेलचा वास आला, तर दोष पाण्याचा नसून डिझेलचा आहे. फीड पंपाचा पडदा, डिझेल पंपाची सील किंवा टपकणारा नोझल तपासावा. त्याचा येथे विचार केलेला नाही. गिअरबॉक्सचे किंवा हायड्रॉलिकचे ऑइल पांढरे झाले असेल तर तोही वेगळा विषय आहे. ते पाणी बहुधा गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून, पावसात किंवा ट्रॅक्टर धुताना शिरते. इंजिनच्या मिस्त्रीला त्यासाठी दोष देऊ नये.

खात्री करण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली अशी की ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने जे पाणी मिसळलेले नाही ते चेंबरच्या तळाशी बसते. सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा तळाचा बोल्ट अगदी सावकाश सैल करावा आणि खाली स्वच्छ काचेची बाटली धरावी. आधी पाणी व मागून ऑइल आले तर शंका उरत नाही. किती पाणी आले तेही मोजून ठेवावे, पुढे उपयोगी पडते. दुसरी परीक्षा तव्याची. जुना लोखंडी तवा चांगला तापवून विस्तवावरून खाली उतरवावा व त्यावर पट्टीवरील ऑइलचा एक थेंब टाकावा. पाणी असल्यास तडतड आवाज होऊन थेंब उडतो. शेजारीच डब्यातील नव्या ऑइलचा थेंब टाकून पाहावा. तो नुसता पसरतो व धुरकटतो. ही परीक्षा करताना चेहरा दूर ठेवावा.

धुण्याचे पाणी राहिले असावे असा संशय असेल तर ऑइल व फिल्टर बदलून, रेडिएटर काठोकाठ भरून, इंजिन वीस-पंचवीस मिनिटे चालवावे व रात्रभर थांबून पुन्हा पाहावे. दुसऱ्या वेळीही पाणी निघाले तर गळती आहे असे समजावे. तिसऱ्यांदा ऑइल बदलून पाहू, असे करण्यात अर्थ नाही.

एक धोका आणखी आहे. पाणी चेंबरमध्ये न जाता सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वर साचले असेल तर स्टार्टर मारताच पिस्टन त्यावर आदळतो. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. सकाळी स्टार्टर अडल्यासारखा वाटला किंवा आदल्या दिवशी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत होती असे आठवले तर आधी सर्व नोझल काढावेत, इंजिन हाताने फिरवावे व कोणत्या भोकातून पाणी उडते ते पाहावे. ज्या सिलिंडरमधून पाणी आले त्याच सिलिंडरजवळ दोष शोधायचा असतो, म्हणजे अर्धे काम तेथेच होते.

पाणी कोणत्या वाटेने येते

येथे आपल्या ट्रॅक्टरमध्ये लायनर कोणत्या प्रकारचे आहे हे माहीत असावे लागते. लायनर दोन प्रकारचे असतात. ओल्या लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागते. वरच्या बाजूला त्याचा काठ ब्लॉकमधील खाचेवर बसतो व खालच्या बाजूला रबराच्या दोन-तीन रिंगा पाणी अडवतात. या रिंगांच्या खाली सरळ ऑइलचे चेंबर असते. एच.एम.टी.ने १९७१ मध्ये झेटॉरच्या सहकार्याने पिंजोर येथे बांधायला सुरुवात केलेल्या ट्रॅक्टरांत असे ओले लायनर आहेत. सुके लायनर ब्लॉकमधील भोकात घट्ट बसवलेले असते, त्याला पाणी लागतच नाही. मॅसी फर्ग्युसनच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांतील तीन सिलिंडरच्या सिम्पसन इंजिनात सुके लायनर आढळते. आपल्या मॉडेलचे लायनर कोणते ते हस्तपुस्तिकेवरून किंवा सुट्या भागांच्या यादीवरून पाहून घ्यावे. लायनरसोबत रबर रिंगांचा संच येत असेल तर ते ओले समजावे.

सुके लायनर असेल तर संशय हेड गॅसकेट, हेडची चीर व ब्लॉकची चीर एवढ्यावरच येतो. ओले लायनर असेल आणि इंजिन नुकतेच बांधलेले असेल तर पहिला संशय रबर रिंगांवर घ्यावा. आमचे मत असे की ओल्या लायनरच्या इंजिनाचे हेड घाईने उतरवू नये. पाणी ऑइलमध्ये आले की हेड खोलायचे, नवी गॅसकेट टाकायची आणि चालवून पाहायचे ही सवय सर्वत्र दिसते. दोष खाली रिंगेत असेल तर गॅसकेटही वाया जाते, ऑइलही जाते आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच.

पाणी केव्हा येते यावरूनही अंदाज बांधता येतो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून जिथे दाबाच्या ऑइलची वाहिनी व पाण्याची वाट शेजारी आहेत, उदाहरणार्थ गॅसकेटमध्ये किंवा ऑइल कूलर असल्यास त्याच्या नळ्यांत, तिथे चालू इंजिनात ऑइल पाण्यात जाते आणि रेडिएटरमध्ये तेलकट साय दिसते. इंजिन बंद झाले की ऑइलचा दाब लगेच शून्य होतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब काही वेळ टिकतो. तेव्हा पाणी ऑइलकडे जाते. याउलट लायनरच्या रिंगांखाली दाबाचे ऑइल नसतेच, त्यामुळे रेडिएटर स्वच्छ राहतो आणि पाणी चालू-बंद दोन्ही वेळा चेंबरमध्ये टपकत राहते. रेडिएटरमध्ये तेलाचा पत्ता नाही आणि चेंबरमध्ये मात्र रोज पाणी, असे असेल तर बहुधा खालची रिंग किंवा हेडची बाजू तपासावी लागते.

काही इंजिनांत हेडच्या वरच्या अंगाला, रॉकरच्या झाकणाखाली, पत्र्याचे वाटीसारखे गोल बूच ठोकलेले असते. हेडचे काम करताना ते काढून नवे नीट न बसवल्यास पाणी पुशरॉडच्या भोकातून खाली चेंबरमध्ये जाते. रॉकरचे झाकण काढून पाहायला दहा मिनिटे लागतात, म्हणून हे आधी पाहावे. ज्या इंजिनात नोझलभोवती तांब्याची बाही असते त्यात ती बाहीही पाहावी. पाण्याचा पंप बहुतेक ट्रॅक्टरांत बाहेर असतो व गळाला तर जमिनीवर टपकतो. पण पंपाची बैठक टायमिंगच्या झाकणावर असेल तर तेथील गॅसकेटमधूनही पाणी आत जाऊ शकते.

चेंबर उघडून रात्रभराची परीक्षा

या परीक्षेला मोठी उपकरणे लागत नाहीत. तरीही गॅरेजमध्ये ती क्वचितच केली जाते. ऑइल काढून टाकावे, चेंबर उतरवावे, क्रँक व लायनरची खालची बाजू डिझेलच्या कापडाने पुसून कोरडी करावी. इंजिनखाली स्वच्छ पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र अंथरावे. मग रेडिएटरमध्ये हळूहळू पाणी भरावे. घाईने भरल्यास ब्लॉकमध्ये हवा अडकते व पाणी वरपर्यंत चढत नाही. ब्लॉकचा पाणी सोडण्याचा कॉक किंचित उघडून पाणी येते याची खात्री करावी व तो बंद करावा. नंतर रात्रभर तसेच ठेवावे आणि मधून मधून बॅटरीच्या उजेडात, छोटा आरसा धरून खालून पाहावे.

थेंब कुठून उगम पावतो ते पाहायचे असते, कुठे पडतो ते नव्हे. लायनरच्या बाहेरच्या कडेला, ब्लॉक व लायनर यांच्या फटीत ओल दिसली तर रबर रिंग गेली. लायनरच्या आतल्या अंगाने, पिस्टनच्या कडेने पाणी उतरत असेल तर ते वरून येत आहे. म्हणजे गॅसकेट, हेडची चीर किंवा लायनरलाच भोक. कॅमशाफ्टच्या बाजूने, पुशरॉडच्या वाटेने येत असेल तर हेडमधील बूच किंवा गॅसकेटची ती कडा. ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर कुठेही बारीक रेघ ओली होत असेल तर ब्लॉकला चीर आहे.

नुसत्या पाण्याच्या वजनाने बारीक गळती दिसत नाही. त्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा दाबपंप मिळतो, तो चांगल्या गॅरेजमध्ये असतो. रेडिएटरच्या टोपणावर जेवढा दाब लिहिलेला असेल तेवढाच द्यावा. काही कल्पक मिस्त्री जुन्या टोपणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून सायकलच्या पंपाने हवा भरतात. दाबमापक लावलेले असेल तर यात गैर नाही, पण मापक नसताना किंवा कॉम्प्रेसरची हवा थेट सोडून हा प्रयोग कधीही करू नये. रेडिएटर फुटतो. दाब देऊन वीस मिनिटे काटा स्थिर राहिला तर थंड स्थितीत गळती नाही असे समजावे. गरम पाणी भरून पुन्हा पाहावे, कारण काही चिरा तापल्यावरच उघडतात.

काही ट्रॅक्टरांत ओतीव लोखंडाचे चेंबर हाच ट्रॅक्टरच्या सांगाड्याचा भाग असतो. ते उतरवण्यासाठी पुढचा आस वेगळा करावा लागतो. हे काम शेतावर जॅक व विटांच्या आधाराने करू नये. ट्रॅक्टर घसरून माणूस दगावू शकतो.

रबर रिंगेचे काम

रिंग गळत असल्याचे दिसले की पिस्टन व लायनर पुन्हा काढावे लागतात. लायनर काढल्यावर जुनी रिंग फेकू नये, ती बोटांत फिरवून पाहावी. तिच्यावर कारण लिहिलेले असते. एका जागी सुरीने कापल्यासारखी चीर असेल तर ब्लॉकच्या भोकाची कडा धारदार आहे. पिळल्यासारख्या तिरप्या रेघा असतील तर बसवताना रिंग गुंडाळली गेली. फुगलेली व मऊ पडलेली असेल तर तिला ग्रीस किंवा डिझेल लावले होते किंवा रबर हलक्या दर्जाचे आहे. काहीच दोष नसेल तर दोष जागेत आहे. ब्लॉकमध्ये जिथे रिंग टेकते तिथे क्षार साचलेले असतात किंवा गंजून खड्डे पडलेले असतात.

आपल्या भागात हे शेवटचे कारण फार महत्त्वाचे आहे. विहिरीचे व बोअरचे पाणी जड, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार. घरातल्या पाणी तापवण्याच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच ब्लॉकमध्ये बसतो. इंजिन बांधताना नवे लायनर जुन्या थरावर ठोकून बसवले तर वरचा काठ खाचेत पूर्ण टेकत नाही आणि खालची रिंगही सरळ बसत नाही. म्हणून ब्लॉकमधील वरची बैठक व खालचे भोक दोन्ही खरवडून, बारीक एमरी कागदाने घासून चकचकीत करावे. खड्डे बोटाच्या नखाला लागत असतील तर ब्लॉक लेथवाल्याकडे न्यावा. रबर जाड टाकून किंवा रिंगेवर सिलिकॉन थापून खड्डा भरत नाही.

लायनर आधी रिंगेशिवाय हाताने सोडून पाहावे. ते हाताच्या जोराने खाली टेकले पाहिजे व फिरले पाहिजे. नंतर त्याचा काठ ब्लॉकच्या सपाटीपेक्षा किती वर राहतो ते डायल गेजने चार ठिकाणी मोजावे. ओल्या लायनरचा काठ किंचित वर असावा लागतो, तेव्हाच हेड त्याला दाबून धरते. हा उंचवटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा असतो. साध्या कागदाच्या पानाची जाडी सुमारे ०.१ मि.मी. असते, त्यावरून कल्पना यावी. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तो हस्तपुस्तिकेतूनच घ्यावा. एक लायनर शेजारच्यापेक्षा खाली बसले तर गॅसकेट तिथे दाबली जात नाही आणि चांगली गॅसकेटही तिथेच जळते. खाली बसणाऱ्या लायनरखाली त्या मापाची पातळ चकती मिळते.

रिंग खाचेत बसवल्यावर तिच्याखाली गुळगुळीत गोल सळई घालून एक फेरा मारावा, म्हणजे पीळ निघतो. सरकण्यासाठी साबणाचे पाणी किंवा रिंगेच्या कारखान्याने सांगितलेले वंगण लावावे. लायनर सरळ दाबावे, हातोड्याने एका बाजूने ठोकू नये.

आणि येथे थांबावे. पिस्टन चढवण्यापूर्वी लायनर वरून पट्टीने दाबून धरून ब्लॉकमध्ये पाणी भरावे व काही तास ठेवावे. गळती असेल तर आत्ता फक्त लायनर उपसायचे असते. पिस्टन, हेड, चेंबर, टायमिंग सगळे जोडून झाल्यावर हीच गळती सापडली तर सारे काम पुन्हा करावे लागते. समजा यावल किंवा रावेरकडील एखाद्या बागायतदाराने मे महिन्याच्या अखेरीस इंजिन बांधले आणि पंधरा दिवसांनी ते पुन्हा उघडावे लागले. हंगामपूर्व कापसाची सरी पाडणे, केळीच्या नव्या लागवडीची मशागत, सगळे भाड्याच्या ट्रॅक्टरवर जाते आणि तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टर मागूनही मिळत नाही. एका रात्रीची परीक्षा हे सर्व वाचवते. मिस्त्री घाईत असेल तर मालकाने ही परीक्षा आग्रहाने करून घ्यावी, त्यात कोणाचा अपमान नाही.

रिंगा व गॅसकेट विकत घेताना मॉडेल व इंजिन क्रमांक दुकानदाराला दाखवावा. एच.एम.टी.च्या बाबतीत अधिक जपावे. ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यामुळे बाजारात जे मिळते ते इतरांनी बनवलेले असते. त्यात चांगलेही आहे व टाकाऊही आहे. नवी रिंग खाचेत घातल्यावर ती खाचेबाहेर किंचित डोकावली पाहिजे. खाचेत बुडाली तर ती मापाची नाही, भाव काहीही असो.

हेड व गॅसकेट

वरून पाणी येत असल्याचे ठरले तर हेड उतरवावे. हेड पूर्ण थंड झाल्यावर, कडेच्या बोल्टपासून सुरुवात करून थोडे थोडे सैल करावे. गॅसकेट काढल्यावर ती उजेडात नीट पाहावी. जिथे पाण्याच्या भोकापासून सिलिंडरकडे किंवा पुशरॉडच्या भोकाकडे काळी किंवा गंजाची वाट गेलेली दिसेल तिथे गळती आहे. हेडवर व ब्लॉकवर पोलादी सरळ पट्टी उभी, आडवी व तिरपी ठेवून खालून फीलर गेजची पाती घालून पाहावी. ०.१ मि.मी.ची पाती सहज जात असेल तर हेड वाकलेले समजून मशीनवर घासून घ्यावे. किती घासता येते यालाही मर्यादा असते. फार घासल्यास व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात.

दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा व नोझलच्या भोकाभोवतीची जागा हे हेडचे नाजूक भाग आहेत. चीर डोळ्यांना दिसेलच असे नाही. हेड बंद करून आत पाणी व हवेचा दाब देऊन तपासणारे कारखाने जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत असतात. बांधणीच्या वेळीच हेड असे तपासून घेतले असते तर पुढचा त्रास टळतो. चीर पडलेल्या हेडवर पितळी किंवा साधे वेल्डिंग करून देणारे आहेत. ओतीव लोखंड तापवून जोडणे व सावकाश थंड करणे हे कौशल्याचे काम आहे, ते न जमल्यास शेजारी नवी चीर पडते. आमच्या मते व्हॉल्व्हच्या मधली चीर असेल तर हेड बदलणेच स्वस्त पडते.

बसवताना ब्लॉकमधील बोल्टची भोके हवेने उडवून कोरडी करावीत. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना ते दाबले जाते, बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो पण हेड दाबले जात नाही. क्वचित ब्लॉकलाच चीर जाते. जुनी गॅसकेट पुन्हा वापरू नये. ताणलेले बोल्ट बदलावेत. बोल्ट टॉर्क रेंचनेच, मध्यभागापासून बाहेर, ठरलेल्या क्रमाने आवळावेत. आधी ठरलेल्या जोराच्या एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. पान्याला पाईप घालून हाताच्या अंदाजाने आवळणारे मिस्त्री अनुभवी असतात हे खरे, पण दहा बोल्टांवर सारखा जोर हाताला कळत नाही. इंजिन चालवून गरम झाल्यावर व पुढे हस्तपुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे असल्यास ते न चुकता आवळावेत. त्यानंतर टॅपेटचे अंतर बदलते, ते पुन्हा लावावे. काही नव्या प्रकारच्या गॅसकेटना पुन्हा आवळणे चालत नाही, पाकिटावरील सूचना वाचावी.

रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बंद करण्याची पावडर टाकण्याचा सल्लाही मिळतो. रेडिएटरच्या एखाद्या बारीक छिद्रासाठी वाटेत वेळ मारून नेण्यापुरता तो ठीक आहे. ऑइलमध्ये पाणी जात असताना तो करू नये. रिंगेची गळती थांबत नाही आणि रेडिएटरच्या नळ्या मात्र बुजतात.

बेअरिंग व ऑइलची साफसफाई

गळती बंद केली म्हणजे काम संपले नाही. पांढरे ऑइल वाहिन्यांत, ऑइल पंपात, फिल्टरच्या भांड्यात चिकटून राहते. चेंबर उघडे आहे तोवर ऑइल पंपाची जाळी डिझेलने धुवावी. पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन किती चालले त्यावरून बेअरिंगचा निर्णय घ्यावा. दोन-चार मिनिटेच चालले असेल तर एक मोठी व एक मेन बेअरिंग उघडून पाहणे पुरे. तासभर नांगरट केली असेल तर सगळ्या पाहाव्यात. राखाडी थर जाऊन तांबूस रंग उघडा पडला असेल किंवा नखाला ओरखडा लागत असेल तर बेअरिंग बदलावी. मग चेंबर बसवून त्याच प्रतीचे स्वस्त ऑइल व नवा फिल्टर घालून इंजिन मंद गतीने, बोजा न देता पंधरा मिनिटे चालवावे व गरम असतानाच काढून टाकावे. नंतर चांगले ऑइल व पुन्हा नवा फिल्टर. फिल्टर वाचवू नये. डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन चालवून धुणे तर अजिबात करू नये, नव्या बेअरिंगा त्यानेच जातात.

रेडिएटरमध्ये ग्लायकॉलचे रंगीत कूलंट असेल तर ऑइल अधिक चिकट व गोंदासारखे होते, तेव्हा धुण्याचे काम दोनदा करावे. हे कूलंट जनावरांना विषारी असते. चवीला गोडसर असल्याने कुत्री व वासरे ते चाटतात. गोठ्याजवळ किंवा पाटात ते ओतू नये, डब्यात बंद करून ठेवावे.

रेडिएटरचे पाणी

इंजिन मुळात का बांधावे लागले, याचे उत्तर बरेचदा पाण्यातच असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, नांगराचा पूर्ण बोजा असतो आणि क्षारांनी अर्धवट बुजलेला रेडिएटर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. इंजिन तापते, हेड वाकते, गॅसकेट जाते. बांधणीनंतर तोच रेडिएटर न धुता लावला तर नवे हेडही त्याच वाटेने जाणार. म्हणून इंजिन उघडे असतानाच रेडिएटर कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावा, पंख्याचा पट्टा व टोपणाची स्प्रिंग तपासावी. थर्मोस्टॅट उन्हाळ्यात काढून टाकण्याची पद्धत आहे, ती योग्य नाही. तो बिघडला असेल तर नवा घालावा. भरण्यासाठी बोअरचे पाणी घेऊ नये. पहिले एक-दोन पाऊस जाऊ देऊन पत्र्यावरून धरलेले व कापडाने गाळलेले पावसाचे पाणी उत्तम. ते नसेल तर बॅटरीचे किंवा शुद्धीकरण यंत्राचे पाणी घ्यावे, मात्र त्यात गंजरोधक कूलंट सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. नुसत्या पाण्याने ब्लॉक गंजतो.

शेतात इंजिन तापून वाफ निघू लागली की टोपण उघडून मटक्यातले गार पाणी ओतणे हे हेडला चीर पाडण्याचे हमखास कारण आहे. शिवाय उकळते पाणी अंगावर उडते ते वेगळेच. बोजा काढून इंजिन मंद गतीने काही मिनिटे चालू ठेवावे, काटा खाली आल्यावर बंद करावे, अर्धा तास सावलीत थांबावे व मगच जाड फडक्याने टोपण अर्धे फिरवून दाब सोडावा. मात्र पाणी पूर्ण संपलेले असेल तर इंजिन लगेच बंद करावे.

बांधणी देतानाच मिस्त्रीशी काही गोष्टी बोलून घ्याव्यात. जुने भाग परत मिळावेत, नव्या भागांची बिले मालकाच्या नावे असावीत, लायनरची पाण्याची परीक्षा मालकासमोर व्हावी, हेड दाबावर तपासल्याची चिठ्ठी मिळावी आणि पुन्हा बोल्ट आवळण्यास मिस्त्री येईल हे ठरावे. पुढे वाद झालाच तर रिंग कापली होती की हेड आधीच तडकलेले होते, हे या वस्तूंवरून सांगता येते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र शासनाची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरची निगा व दुरुस्ती शिकवली जाते. गावातील एखाद्या होतकरू तरुणाला पाठवायचे असल्यास प्रवेशाची माहिती तालुका कृषी कार्यालयात किंवा पाल, ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारावी.

दुरुस्तीनंतरचे पहिले पंधरा दिवस रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, ऑइलची पट्टी व रेडिएटरची पातळी पाहून वहीत लिहावी. ऑइलची पातळी एका रेघेनेही वर गेली किंवा रेडिएटरला रोज तांब्याभर पाणी लागू लागले तर त्याच दिवशी मिस्त्रीला कळवावे.